'माजी' कुठे कुठे लावायचं?

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. पॅरिस ऑलिंपिकचे दिवस, क्रीडा डेस्कवर माझी रात्रपाळी. संध्याकाळीच लक्ष्य सेनचं कांस्य हुकलेलं आणि आता सगळ्यांचे डोळे बीडच्या अविनाश साबळेच्या स्टीपलचेसकडे. ढाका दुपारपासून पेटलं होतं. पंतप्रधान शेख हसीना राजीनामा देऊन दिल्लीजवळच्या हिंडनच्या विमानतळावर उतरल्या, तरी ती बातमी पहिल्या पानाची, आपला काय संबंध, अशा थाटात मी चहा पीत होतो.

चहा संपायच्या आत संबंध आला. ऑक्टोबरमध्ये महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक बांगलादेशात व्हायचा होता. "त्याचं आता काय? अडीचशे शब्द दे, डाक आवृत्तीला," असं फर्मान निघालं. डाक आवृत्ती म्हणजे बाहेरगावी जाणारी, शहर आवृत्तीच्या आधी सुटणारी.

मी सवयीने टंकलं : 'याबाबत क्रीडा मंत्रालय आणि क्रिकेट मंडळ यांच्यात लवकरच चर्चा होण्याची शक्यता आहे.' असली वाक्यं आमच्या बोटांतच असतात. शेजारचे ज्येष्ठ सहकारी स्क्रीनवर वाकले. "अरे, दोन्हीकडे पापोनच ना? आरशासमोर बसून चर्चा करणार का तो?"

खरंच की! नझमुल हसन पापोन. मूळचा औषधधंद्यातला माणूस, बेक्सिम्को फार्माचा वर्षानुवर्षं व्यवस्थापकीय संचालक. वडील झिल्लूर रहमान २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांची जागा रिकामी झाली आणि मुलगा पोटनिवडणुकीत खासदार झाला. २०१२ पासून क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. जानेवारी २०२४ मध्ये युवक व क्रीडामंत्री झाला, पण मंडळाची खुर्ची काही सुटली नाही. मला राहून राहून श्रीलंका आठवत होती. तिथल्या क्रीडामंत्र्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंडळ बरखास्त केलं, तर सरकारी हस्तक्षेप म्हणून आयसीसीने श्रीलंकेलाच निलंबित केलं. इथे मंत्रीच मंडळ होता, म्हणजे हस्तक्षेप म्हणायचा तरी कुणाचा? हा मुद्दा मी चौकटीत घातला. तो छापला गेला, याचं मला अजूनही बरं वाटतं.

आणि त्याच चौकटीत घाण केली. डाक आवृत्ती सोडायच्या घाईत 'बांगलादेशचे क्रीडामंत्री' असंच गेलं. पंतप्रधान गेल्या म्हणजे मंत्रिमंडळ गेलं, हे शाळकरी पोरालाही कळतं. अकराच्या सुमारास साबळे पाचवा आला, अंतिम फेरीत गेला, डेस्कवर टाळ्या पडल्या. आणि मी शहर आवृत्तीसाठी एकाच माणसाच्या पदांवर अडून बसलो होतो. मंत्री? माजी. खासदार? संसद अजून बरखास्त नाही, म्हणजे आजी. मंडळाध्यक्ष? तोही आजी. ऑपरेटर वैतागला, "साहेब, एकदाच सगळीकडे माजी लावून टाका ना!" लावता येत नाही हो. माणूस कुठे आहे याचा पत्ता नसला तरी पद असतं.

दुसऱ्या दिवशी संसद बरखास्त झाली. खासदारालाही 'माजी' लागलं.

उरलं ते एक. २० ऑगस्टला आयसीसीने विश्वचषक अमिरातीत हलवला आणि २१ ला पापोनने मंडळ सोडल्याची, फारूक अहमद नवे अध्यक्ष झाल्याची बातमी आली. योगायोगाने मीच पाळीला होतो. तारीख पाहून थबकलो. बरोबर २० वर्षांपूर्वी, २१ ऑगस्ट २००४ ला, ढाक्यात हसीनांच्या पक्षाच्या, अवामी लीगच्या सभेवर ग्रेनेड पडले. त्यात जखमी झालेल्या आयव्ही रहमान तीन दिवसांनी गेल्या. त्या पापोनच्या आई.

एवढं एक वाक्य मी बातमीच्या शेवटी जोडलं. एका कॉलमची बातमी, ऐनवेळी खाली जाहिरात आली. पान बसवताना ऑपरेटरने नेहमीप्रमाणे खालूनच चार ओळी उडवल्या.