रीफ टँकची सायकल : ड्राय रॉक जास्त, लाइव्ह रॉक थोडा

माझ्या नव्या रीफ टँकची, म्हणजे प्रवाळांसाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, सायकल कशी झाली ते सांगतो. सायकल म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत जम बसवण्याची प्रक्रिया. टँक ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. सम्प (मुख्य टँकला जोडलेली दुय्यम टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी सुमारे १९० लिटर भरते. त्यात १५ किलो ड्राय रॉक (सुका, निर्जीव खडक) आणि ३ किलो लाइव्ह रॉक (जिवाणू व इतर जीव वसलेला खडक) ठेवला आहे. सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे किनाऱ्यावरून किंवा रीफवरून खडक उचलून आणण्याचा विचारही करू नये. मालवणला सहलीला जाणारे परिचित ‘तिकडून दगड आणू का’ असे आपुलकीने विचारतात, त्यांनाही मी हेच सांगतो. माझा लाइव्ह रॉक पुण्यातल्याच एका मित्राच्या जुन्या, स्थिरावलेल्या टँकच्या सम्पमधून आला आणि वाटेत तो खाऱ्या पाण्यात बुडालेलाच राहिला. हवा न लागल्यामुळे त्यावरचे स्पंज मेले नाहीत, आणि मेलेल्या जिवांच्या कुजण्यातून येणारा अमोनियाचा मोठा लोंढाही टळला.

ड्राय रॉकवर जिवाणूंचा थर धरण्यासाठी हा खडक विरजणासारखा उपयोगी पडतो, परंतु माझ्या मते त्याचे खरे मोल जिवाणूंपेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या बाकीच्या जीवसृष्टीत आहे. नायट्रीकरण करणारे जिवाणू बाटलीतूनही मिळतात. कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव), बारीक केसाळ अळ्या, जांभळे कोरलाइन शैवाल आणि स्पंज एकत्र बाटलीतून मिळत नाहीत.

याच कारणाने जिवाणूंना खाद्य म्हणून घालायच्या अमोनियाची मात्रा मी जाणूनबुजून कमी ठेवली. केवळ ड्राय रॉक असता तर २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) गेलो असतो. येथे मात्र शुद्ध अमोनियम क्लोराइड सुमारे पाऊण ग्रॅम विरघळवून अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातल्या फक्त नायट्रोजनचे माप) १ पीपीएमच्या आसपास आणले, कारण ८.२ पीएचच्या पाण्यात गोड्या पाण्याच्या तुलनेत अमोनियाचा अधिक मोठा हिस्सा मुक्त, म्हणजेच विषारी रूपात असतो आणि खडकावरचे नाजूक जीव त्याला लवकर बळी पडतात. क्षारता, म्हणजे खारेपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) आणि तापमान २६ अंश ठेवले आहे. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्यावर आणून न थांबता ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरही जुळवून घ्यावा, असे आग्रहाने सांगतो. शून्यावर अचूक असलेले उपकरण ३५ वर दीड-दोन पीपीटीने सहज चुकू शकते.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अमोनिया ०.२५ पर्यंत उतरला आणि नायट्राइट चढू लागले. पुढे नायट्राइट ३ पीपीएमवर बराच काळ अडून राहिले, हे अपेक्षितच होते, कारण नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू उशिरा जम बसवतात. या काळात नायट्रेटच्या किटवर ४० पीपीएमच्या पुढचा गडद रंग दिसला, तरी त्यावर मी विश्वास ठेवला नाही. बहुतेक किट आधी नायट्रेटचे नायट्राइट करून मगच रंग दाखवतात, त्यामुळे पाण्यात आधीपासून असलेले नायट्राइट आकडा भरमसाट फुगवते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइट फारसे आत शिरत नाही, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकमध्ये वाटते तेवढी त्याची धास्ती येथे नसते.

अमोनियाच्या तीन मात्रा झाल्यावर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात) ८.६ डीकेएचवरून ७.४ वर आली. नवख्यांना हे कोडे वाटते, परंतु हिशेब सरळ आहे : १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्च होते, म्हणजे १ पीपीएमच्या प्रत्येक मात्रेमागे सुमारे ०.४ डीकेएच. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ती हळूहळू पुन्हा ८ वर आणली.

उन्हाळ्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरऐवजी पंखा लावल्यामुळे तापमान आटोक्यात राहिले, पण बाष्पीभवन वाढले. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच उरते. म्हणून रोजची भर नेहमी आरओ-डीआय गाळणीतून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याचीच, आणि तीही टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य असल्याची खात्री करून. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येऊ लागले की या गाळणीतले क्षार शोषणारे रेझिन लवकर संपते.

रात्री लाल प्रकाशाच्या विजेरीने पाहिल्यावर काचेवर कोपेपॉड दिसू लागले आहेत. केसाळ अळ्या बऱ्याच आहेत आणि त्या मी काढणार नाही, कारण खडकाच्या सापटींतला गाळ त्याच साफ करतात. एक लहान अ‍ॅप्टेशिया हे प्रवाळांना डंख करणारे उपद्रवी समुद्रफूल मात्र सापडले. त्याच्या तोंडात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने सोडली. त्याला कापू किंवा खरवडू नये, राहिलेल्या तुकड्यातून नवे उगवते. वाळूवर आता डायटमचा (एकपेशीय शैवालाचा) तपकिरी थर धरला आहे, तो पुसत बसण्यात अर्थ नाही.

किटवर एकदा शून्य दिसले म्हणजे सायकल पूर्ण झाली, असे मी मानत नाही. चौथी मात्रा दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हाच ती पूर्ण धरली. त्यानंतरच्या चाचणीत नायट्रेट १५ पीपीएम आले आणि हा आकडा घातलेल्या अमोनियाच्या हिशेबाशी जवळपास जुळतो. आता एक चतुर्थांश पाणी बदलून प्रथम काही गोगलगायी सोडणार आहे. समुद्रातून न पकडता टाकीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी वेगळ्या टाकीत क्वारंटाइनमध्ये आहे. ती मुख्य टँकमध्ये आल्यावर पहिला आठवडाभर अमोनिया रोज तपासेन आणि खाद्य एकवेळच देईन.