ठोकून बघणाऱ्या हातोड्या

माझ्या कामाच्या पिशवीत तीन हातोड्या असतात आणि त्यांपैकी एकीनेही आजवर खिळा ठोकलेला नाही. मी इमारती, पूल, पाण्याच्या टाक्या तपासते. नवीन बांधायचं काम दुसऱ्यांचं; जे उभं आहे ते अजून कितपत धड आहे, हे सांगायचं काम माझं. त्यासाठी अल्ट्रासॉनिकची यंत्रं आहेत, सळई कुठे आणि किती खोल आहे ते दाखवणारा कव्हर मीटर आहे, अगदीच शंका असेल तर काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून बघता येतो. पण या सगळ्याच्या आधी हातोडी. खांबाच्या पायथ्याशी बसायचं आणि वीतवीत अंतराने ठोकत वर सरकायचं.

घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं आणि हातोडी हातात परत उसळते. आतून सुटलेलं असेल तर आवाज बद्द येतो, हातोडी जागीच बसल्यासारखी वाटते. साइटवर याला ‘पोकळ वाजतंय’ म्हणतात. खरं तर आत पोकळी असतेच असं नाही. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा तो काँक्रीटला ढकलून मिळवतो. बाहेरचा थर आतून सुटतो, पण पडत नाही. वरचा रंग अखंड, भेगसुद्धा नाही. अशा थरावर हातोडी पडली की मागच्या काँक्रीटची साथ न मिळाल्यामुळे तो एकटाच थरथरतो, ढोलाच्या पानासारखा, आणि आवाजाची पट्टी खाली येते. डोळ्यांना जे महिनोन्महिने दिसणार नाही ते कानाला लगेच कळतं. मग खडूने त्या भागाची हद्द आखायची. मालकाचा चेहरा सहसा त्या खडूच्या रेषा वाढत जातात तसतसा उतरत जातो.

रेल्वेच्या डब्यांची चाकंही अशीच लांब दांड्याच्या हातोडीने ठोकून पारखत असत. तडा गेलेलं चाक वाजत नाही, नुसतं ठक् करतं.

हे सगळं आयुष्य झाल्यामुळे असेल, पण हातोडा म्हटल्यावर लोकांना फक्त तोडफोड आठवते याची मला गंमत वाटते. वर्तमानपत्रांचा तर तो लाडका शब्द. ‘बेकायदा बांधकामांवर हातोडा’ असा मथळा आणि खाली फोटोत जेसीबी. चित्रपटातले न्यायाधीश ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत आपटतात तो लाकडी हातोडा ना इंग्लंडच्या न्यायालयात सापडतो, ना आपल्याकडच्या. लिलावात मात्र तो खरोखर पडतो. हातोडा फेकतात त्या खेळात तर हातोडाच नसतो. तारेला बांधलेला धातूचा गोळा असतो, पुरुषांसाठी ७.२६ किलोचा आणि स्त्रियांसाठी ४ किलोचा. युरी सेदिखने १९८६ मध्ये स्टुटगार्टला तो ८६.७४ मीटर फेकला आणि तो विक्रम अजून टिकून आहे. नावापुरता हातोडा उरला, दांडा केव्हाच गेला.

माझं म्हणणं इतकंच, की हातोड्याची निम्मी कामं विचारपूस करायची आहेत. एक माफक घाव घालायचा आणि काय परत येतं ते बघायचं. एकदा या नजरेने बघायला लागलं की भलत्याच ठिकाणी हातोडे दिसू लागतात.

माझ्या पिशवीतल्या दुसऱ्या हातोडीचं नाव श्मिट हॅमर. एर्न्स्ट श्मिट या स्विस इंजिनिअरची ही करामत, साधारण १९५० च्या सुमाराची. दिसायला जाडजूड नळी. तिचं टोक काँक्रीटवर लावून दाबायचं. आत स्प्रिंगवर एक वजन मागे खेचलं जातं, सुटतं, आपटतं आणि उसळून मागे येतं. किती मागे आलं त्याचा आकडा वाचायचा. प्रत्येक वेळी आघात सारखाच असतो, नेहमीच्या प्रकारात सुमारे २.२ ज्यूल, त्यामुळे माझा हात दमला की उत्साहात आहे याने फरक पडत नाही. चांगली सोय आहे. पण या हातोडीने माझ्या व्यवसायात भांडणंही भरपूर लावली आहेत, कारण ती आकडा देते आणि आकडा दिसला की लोक विचार करायचं थांबवतात. उसळी मोजली जाते ती पृष्ठभागाच्या कडकपणाची. जुन्या काँक्रीटवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया होऊन वरचा थर कडक झालेला असतो. तिथे हातोडी टुणकन उसळते आणि आकडा असा येतो की इमारत जणू कालच ओतली. खालून वर मारलं तर आकडा वेगळा, वरून खाली मारलं तर वेगळा. ओल्या पृष्ठभागावर कमी. कडेच्या जवळ मारलं तर कमी. गिलाव्यावरून घेतलेले आकडे तर मी अहवालात पाहिले आहेत, छान तक्त्यात मांडलेले. त्यांतून एवढंच कळतं की गिलावा होता.

तिसरी सगळ्यांत साधी दिसते. नायलॉनच्या तोंडाची, हलकी. ती पाइलसाठी. जमिनीत पंधरा-वीस मीटर खोल ओतलेला काँक्रीटचा खांब मध्येच कुठे आवळला गेलाय का, कुठे माती घुसलीय का, हे उकरून बघता येत नाही. मग त्याच्या डोक्यावर एक छोटा संवेदक चिकटवायचा आणि शेजारी हातोडीने टक् करायचं. काँक्रीटमध्ये ती लहर सेकंदाला सुमारे ४००० मीटर वेगाने खाली जाते, तळाशी आपटून परत येते. वीस मीटरच्या पाइलमध्ये जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे एक शतांश सेकंद. प्रतिध्वनी त्याहून लवकर आला तर वाटेत काहीतरी आहे. पाइल फारच लांब आणि सडपातळ असला किंवा भोवतालची माती कडक असली तर ती लहर वाटेतच विरते, उत्तरच येत नाही. त्याच साइटच्या दुसऱ्या टोकाला काही टनांचा हातोडा धाड्धाड् पाइल जमिनीत घालत असतो. दोन्हींना हॅमरच म्हणतात. धाड्धाड् थांबल्याशिवाय मला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे त्या हातोडेवाल्यांशी माझे संबंध फारसे मैत्रीचे नसतात.

डॉक्टरांनी हे सगळं आमच्याआधी ओळखलं होतं. लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचलंय का ते ओळखायची रीत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिपात दारू कुठवर आहे हे ठोकून ऐकायची पद्धत त्याला घरातून माहीत असावी, असं सांगतात. बद्द आवाज, भरलेलं. खणखणीत, हवा. कोणी फारशी दखल घेतली नाही. १८०८ मध्ये कॉर्विझार या फ्रेंच डॉक्टरने तो ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला तेव्हा कुठे ही पद्धत पसरली. गुडघ्याखाली मारायची रबरी हातोडी त्याच्या पुष्कळ नंतरची. गुडघ्याचा तो झटका एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मनांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवला, आणि तिकोनी रबराची जी हातोडी अजूनही दिसते ती टेलर या अमेरिकन डॉक्टरची, १८८८ ची. तिथे डॉक्टर आवाज ऐकत नाहीत, पाय कसा उडतो ते बघतात. स्नायूचा कंडरा क्षणभर ताणला जातो, खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम सुटतो. मेंदूला विचारत बसत नाहीत. झटका आलाच नाही तर वाटेत कुठेतरी तार तुटली आहे. प्रमाणाबाहेर आला तर वरून आवर घालणारा रस्ता बिघडला असावा. आमच्या पाइलच्या चाचणीहून हे काही फार वेगळं नाही.

आणि ज्या कानाने मी हे सगळं ऐकते, त्याच्या आतही एक हातोडी आहेच. शाळेतल्या जीवशास्त्रात शिकलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. हातोडीचा दांडा कानाच्या पडद्याला आतून चिकटलेला असतो. पडदा हलला की दांडा हलतो, डोकं ऐरणीला हलवतं, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या द्रवाला. मोठ्या पडद्यावरचा दाब छोट्याशा खिडकीवर एकवटतो, तरफेचीही थोडी मदत होते, म्हणून तो सुमारे वीसपट होतो. हवेतला आवाज द्रवात शिरवायला तेवढा जोर लागतोच. ही हातोडी आणि ऐरण मूळची कानाची नाहीतच. सरपटणाऱ्या प्राण्यांत ती जबड्याच्या सांध्यातली हाडं असतात. रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने भ्रूणांचा अभ्यास करून १८३७ मध्ये हा संबंध दाखवला. चावण्याच्या कामातून निवृत्त होऊन ऐकण्याच्या कामाला लागलेली हाडं. मला हे फार आवडतं.

मोठा आवाज झाला की मधल्या कानातला चिमुकला स्नायू आखडतो आणि ही साखळी जरा आवळून धरतो. पण त्याला काही शतांश सेकंद लागतात, आणि हातोड्याचा घाव तोपर्यंत आत पोचलेला असतो. पूर्वी बॉयलरच्या कारखान्यांत पोलादी पत्र्यांवर दिवसभर रिवेट ठोकणारे कामगार इतक्या प्रमाणात बहिरे होत की इंग्रजीत त्या बहिरेपणाला बॉयलरवाल्यांचंच नाव पडलं. म्हणून माझ्याबरोबर काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरच्या आसपास येणारी नवीन मुलं कानात बोळे घालायचा कंटाळा करतात तेव्हा मी खेकसते. डोकं फुटलं तर टाके घालता येतात. आतल्या कानातल्या पेशी एकदा गेल्या की गेल्या, आणि या धंद्यात कान गेला तर पिशवीतल्या पहिल्या हातोडीचा उपयोग संपला.

पियानोचं मात्र मला बराच काळ कोडं होतं. हातोड्याने तार मारायची आणि सूर लांबवायचा, हे जमतं कसं? तारेला टेकून राहिलेला हातोडा तिचा आवाज दाबूनच टाकेल. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हा प्रश्न सोडवला. शेवटच्या क्षणी हातोडा पट्टीच्या यंत्रणेतून सुटतो, आपल्याच वेगाने तारेवर जातो आणि बोट अजून पट्टीवर दाबलेलं असतानाही मागे येतो. म्हणजे हळू मारलं तर हळू, जोरात मारलं तर जोरात, पण टेकून राहणं नाही. या हातोड्याचं तोंड लोकरीच्या नमद्याचं असतं. आवाज फार टोचायला लागला की कारागीर त्या नमद्यात सुया टोचून तो मऊ करतो.

चंद्रावरही हातोडा पोचला आहे. भूशास्त्रज्ञाची हातोडी, खडकाचे तुकडे काढण्यासाठी नेलेली. २ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने एका हातात ती आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडली. हातोडी १.३२ किलोची, पीस तीस ग्रॅमचं. हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी खाली पडली. हवेचा अडथळा नसेल तर जड-हलकं सगळं सारखंच पडतं, हे गॅलिलिओचं म्हणणं पटवायला साक्षीदार म्हणून हातोडीच उभी राहिली.

ज्या हातोड्याला ना दांडा ना डोकं, तो नळातला. वाहतं पाणी झटकन बंद केलं की मागून येणारं पाणी थांबलेल्या पाण्यावर आदळतं आणि दाबाची लहर नळातून मागे पळते. इंजिनिअर याला वॉटर हॅमर म्हणतात. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी धातूच्या नळात एकदम थांबवलं तर दाब दहा-बारा वातावरणांनी उडी मारू शकतो. भिंतीतून धाड् आवाज येतो तो याचा. व्हॉल्व्ह सावकाश बंद करणं हाच खरा उपाय, आणि वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह नेमकं तेच करत नाही. हा आवाज ऐकून मला ‘घर हलतंय’ म्हणून बोलावणारे लोक आहेत. तपासून येते. फी घेतेच.

गवंड्यांचा आणि पाथरवटांचा मारतूल पोर्तुगीजांच्या ‘मार्तेलू’वरून आला, म्हणजे इथे एवढे घण आणि हातोडे असतानाही लोकांना आणखी एक हवासा वाटला. उलट समुद्रातल्या ज्या माशाला इंग्रजांनी हातोडीचं डोकं म्हटलं, त्याला मराठीत कानमुशी म्हणतात. डोक्याच्या दोन बाजूंना पंखांसारख्या पसरलेल्या भागांच्या टोकांना असतात डोळे, कान नव्हेत, पण नाव मला तरी जास्त पटतं. त्या डोक्याच्या खालच्या बाजूला विजेची अगदी क्षीण चाहूल घेणारी छिद्रं पसरलेली असतात, आणि वाळूत लपलेलं भक्ष्य शोधत ती मुशी तळावरून डोकं इकडेतिकडे फिरवत जाते.

या वर्षी एका कामात जमिनीखालचा खडक किती खोल आहे ते शोधायचं होतं. पद्धत जुनीच आहे. ओळीने जमिनीत संवेदक रोवायचे, एका टोकाला पोलादी पट्टी ठेवायची आणि तिच्यावर घण घालायचा. मातीतून जाणारी लहर सावकाश येते, खडकावरून जाणारी लांबून येऊनही पुढे निघते. कोणत्या संवेदकापर्यंत कोणती आधी पोचली त्यावरून खोली काढायची. घण उचलायला जो येतो तो पहिल्यांदा जीव खाऊन मारतो, पट्टी तिरकी होते, सगळी नोंद वाया. त्याला सांगावं लागतं, दादा, जोर नको, सरळ पडू दे, आणि तसंच पुन्हा, आणि पुन्हा. सारखे घाव एकावर एक मिळवले की रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट आपोआप पुसट होतो आणि लहर वर येते. सोळा घावांनी गोंगाटाच्या तुलनेत ती चौपट ठळक होते. त्याने घण खाली ठेवला, घाम पुसला आणि विचारलं, ‘मॅडम, मग एवढ्यात काय फुटलं?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘पट्टी दहा मीटर पुढे घ्या.’