त्या एका &> ने घातलेला घोळ

परवा अख्खी संध्याकाळ एका स्क्रिप्टपायी (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) गेली आणि चूक निघाली दोन चिन्हांची, तेव्हा राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

स्क्रिप्ट एकदम साधी, घरातल्या स्टोरेज बॉक्सला पिंग मारायचा, म्हणजे जागा आहेस का विचारायचं, तो चालू असेल तर आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने फोटो तिकडे पाठवायचे. जुन्या सेंटओएस लिनक्सवर चार वर्षं मुकाट चालली. मग उबुंटू हे दुसरं लिनक्स टाकलं, तीच फाइल उचलून ठेवली, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ओळ घातली आणि विसरलो. परवा डिस्क फुल्ल! बघतो तर बॉक्स कधीचा बंद, माउंटच झालेला नाही, म्हणजे फोल्डरला जोडलेलाच नाही, आणि ही बया रोज रात्री इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे माझ्याच डिस्कवर, फोटोंची दुसरी कॉपी ओततेय.

हाताने चालवून पाहिली तर आधी छापून आलं "बॉक्स चालू आहे", आणि मग मागून पिंगचं आउटपुट टपकलं, जे मी गप्प केलं होतं!

बॉक्स चालू आहे का हे तपासणाऱ्या इफच्या ओळीत पिंगपुढे मी &> डेव्ह नल लिहिलेलं, म्हणजे आउटपुट आणि एरर दोन्ही कचऱ्यात. हा बॅश या शेलचा (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) शॉर्टकट, पण फाइलच्या डोक्यावर शेबँग, म्हणजे कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणारी ओळ, होती बिन एसएच. सेंटओएसवर एसएच म्हणजे बॅशच, त्यामुळे खपून गेलं. उबुंटूने मात्र बूट लवकर व्हावं म्हणून २००६ पासून, ६.१० मध्ये, एसएचच्या जागी डॅश हा हलका शेल बसवलाय. डॅशला &> कळत नाही, पण तो एररही देत नाही हो, त्याच्या लेखी ते दोन तुकडे: पिंग & म्हणजे जा बॅकग्राउंडला, आणि मग नुसतंच > डेव्ह नल, ज्यात कमांडच नाही म्हणजे फेल कोण होणार, त्यामुळे इफ कायम खरं. अटीसाठी बॅशचे दुहेरी चौकोनी कंस वापरले असते तर निदान "नॉट फाउंड" म्हणून बोंबलला तरी असता.

सगळीकडे चालतं ते > डेव्ह नल २>&१ (आकडे अर्थात इंग्रजी), म्हणजे आउटपुट नलमध्ये आणि एररही आउटपुट जातंय तिथेच. क्रम उलटा करायचा नाही, कारण शेल डावीकडून वाचतो: २>&१ आधी आलं तर एरर तेव्हा जिथे आउटपुट जातंय तिथे, म्हणजे टर्मिनललाच, चिकटते आणि मग आउटपुट एकटंच नलमध्ये जातं. बाकी असंच सगळीकडे चालावं म्हणून छापायला इको -ई च्या जागी प्रिंटएफ, एखादी कमांड आहे का बघायला विचच्या जागी कमांड -व्ही, शोधणाऱ्या ग्रेपला गप्प करायला तर -क्यू आहेच. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या शेलचेकने हे पहिल्या फटक्यात पकडलं असतं, चालवतो कोण.

आणि आरसिंकच्या एरर मी आता गप्प करत नाही, लॉग फाइलमध्ये जातात. उबुंटूवर मेल सर्व्हर टाकलेला नसेल तर क्रॉन आउटपुट सरळ फेकून देतो, मग आपण आणखी कशाला तोंड दाबायचं?

एवढं करून तीच फाइल बायकोच्या मॅकवर टाकली तर बॉक्स समोर चालू असून "बंद आहे". उत्तराची किती वाट बघायची ते सांगणाऱ्या पिंगच्या -डब्ल्यू २ चा अर्थ लिनक्सवर दोन सेकंद, मॅकवर दोन मिलिसेकंद, आणि आमच्या वायफायला तेवढ्यात कसलं उत्तर येतंय.