आमची वाटचाल : हॉबी विचारली की गप्प बसणाऱ्यांचा इंग्लिश क्लास

लालबागला आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. मी आणि माझी धाकटी बहीण मिळून चालवतो, ती शिकवते आणि फी, बॅचेस, अ‍ॅडमिशन, फोन हे सगळं माझ्याकडे, पण कुठला लेसन कसा घ्यायचा ते रात्री जेवताना दोघी मिळूनच ठरवतो. सुरवातीला जागा नव्हती. चाळीतल्या मंडळाने त्यांची खोली संध्याकाळी वापरायला दिली, गणपतीच्या दिवसांत रिकामी करून द्यायची एवढीच अट, मग तेवढे दिवस आमच्याच घरात चटई टाकून क्लास.

येणारे सगळे आसपासचेच, परळ, करी रोड, शिवडी. कोणी डिलिव्हरीला, कोणी मॉलमधे कपड्यांच्या दुकानात, कोणी मेडिकलवर. बहुतेक मराठी मिडियमचे. आपल्याकडे 2000 पासून पहिलीलाच इंग्लिश सुरू झालं, त्यामुळे शब्द माहीत असतात, वाचताही येतं, तोंड मात्र उघडत नाही.

आणि इंटरव्ह्यूला हमखास येणारा प्रश्न म्हणजे व्हॉट आर युवर हॉबीज. सगळ्यांचं उत्तर एकच, "रीडिंग, ट्रॅव्हलिंग अँड लिसनिंग म्युझिक". समोरच्याने व्हॉट डू यू रीड विचारलं की संपलं. कारण वाचन करतच नाहीत ना, करतात वेगळंच काहीतरी, पण कॅरम, डेकोरेशन, गोविंदा ह्या काय इंग्लिशमधे सांगायच्या गोष्टी आहेत का असं त्यांना वाटतं. ह्या रेडिमेड उत्तरांच्या गाईडांचा मला मनापासून राग आहे, माणसाचं स्वतःचं बोलणंच काढून घेतात ती.

म्हणून आमच्याकडे पहिला आठवडा फक्त हॉबी. बहीण हॉबी विचारतच नाही, गेल्या रविवारी काय केलं ते विचारते. एक ऑफिसबॉय मुलगा होता, खूप वेळाने म्हणाला, "गोविंदा प्रॅक्टिस". मग तिने मार्कर त्याच्या हातात दिला, त्याने बोर्डवर थर काढले आणि एका गोलावर बोट ठेवून म्हणाला, "धिस इज मी. वन बॉय स्टँड ऑन माय शोल्डर. आय कॅनॉट मूव्ह." सगळा वर्ग तुटून पडला, आर यू स्केअर्ड, डू यू प्रॅक्टिस एव्हरी डे, आणि तो उत्तरं देत राहिला, "आफ्टर गुरुपौर्णिमा, एव्हरी नाईट". स्टँडला एस लागतो हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. बोलणं चालू असताना अडवायचं नाही, चुका वहीत टिपायच्या आणि शेवटी बोर्डवर घ्यायच्या, हे आम्ही कडक पाळतो. 2022 मधे सरकारने गोविंदाला साहसी खेळाचा दर्जा दिला, तेव्हापासून तर पोरं छाती काढून "इट इज अ‍ॅन अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट" म्हणतात.

ग्रामर मग आपोआप येतं. प्ले कॅरम, प्ले कबड्डी, पण गो ट्रेकिंग, गो स्विमिंग, आणि योगा असेल तर डू. एन्जॉयनंतर आयएनजी, लिसनिंगनंतर टू. "आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन क्रिकेट" हे दर बॅचला कोणीतरी म्हणतंच, तिथे इंटरेस्टेड हवं.

2020 ला लॉकडाऊन लागला आणि क्लास मोबाईलवर गेला. बाहेर जाणं बंद, मग घरातलीच वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून बोलायचं. मुलांच्या मागे बसलेल्या आयाच बोलायला लागल्या, एकीने ग्रीलमधली झाडं दाखवली, एकीने शिवलेल्या गोधड्या. आमची लेडीज बॅच तिथूनच निघाली, आज ती सगळ्यात भरलेली बॅच आहे आणि माझी सगळ्यात लाडकी सुद्धा. नंतर करी रोडला भाड्याने गाळा घेतला.

या पावसाळ्यात सगळ्यांना राजमाचीला न्यायचं चाललंय. कर्जतपर्यंत लोकलमधे फक्त इंग्लिश, आणि प्रत्येकाने शेजारच्याला त्याच्या आवडीबद्दल तीन प्रश्न विचारायचेच. लेडीज बॅचने आत्तापासून प्रश्न लिहायला घेतलेत.