फळ्याचा उजवा कोपरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि मला आधी आठवला तो नववी 'ब'च्या फळ्याचा उजवा कोपरा. तो कोपरा कुणी पुसत नसे. गणिताच्या बाईसुद्धा प्रमेय मांडताना तेवढी जागा सोडायच्या. तिथं रोज सकाळी सरांच्या तिरक्या अक्षरात एक अवघड इंग्रजी शब्द असायचा. अर्थ नसायचा. शब्द दिवसभर डोळ्यांसमोर ठेवायचा आणि शेवटच्या तासाला सर विचारायचे. सरांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. म्हणजे नववीत आमच्या गाठीला चारच वर्षांचं इंग्रजी होतं. त्यात दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि मी आत्याकडे राहायचो. वर्गात कुणी विचारलं, तर वडील शेती करतात असं सांगायचो.

एके दिवशी कोपऱ्यात 'ग्रिगेरिअस' होता. शेवटच्या तासाला पुढच्या बाकावरच्यांनी डिक्शनरीतला अर्थ सांगितला, माणसांत रमणारा, मिळूनमिसळून राहणारा. "बरोबर," सर म्हणाले, "पण हा आला कुठून? लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप." आणि तसेच चालत माझ्या बाकापाशी आले. "तुझ्या आबांची मेंढरं दुपारच्या उन्हात कशी उभी राहतात रे?"

माझे कान तापले. मी लपवत होतो ते सरांना ठाऊक होतं. उभा राहिलो आणि सांगायला लागलो. ऊन चढलं की मेंढरं गोळा होतात, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात आणि सावली करून घेतात. एक चाललं की सगळी चालतात. कळपातून चुकलेलं मेंढरू चरत नाही, नुसतं ओरडत राहतं. बोलता बोलता माझा आवाज कधी मोठा झाला कळलं नाही. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "तुम्ही हा शब्द डिक्शनरीत वाचलात. यानं तो रानात राखलाय."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात 'इग्रीजिअस' होता. मूळ अर्थ कळपातून वेगळा उठून दिसणारा. पूर्वी तो स्तुतीला वापरत, आता ढळढळीत वाईट गोष्टीला वापरतात. तिसऱ्या दिवशी 'पिक्यूनिअरी', पैशासंबंधीचा. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पेकू', म्हणजे गुरंढोरं, आणि हा 'पेकू' आपल्या 'पशु'चाच सख्खा भाऊ. "आपण पशुधन म्हणतो ना?" सरांनी विचारलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तो सगळा आठवडा सर माझ्या घरातून शब्द काढत होते. शनिवारी 'मॉन्गूस' लिहिला आणि तो आपल्या 'मुंगूस'वरूनच इंग्रजीत गेलाय असं सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग बाकं वाजवायला लागला. इंग्रजीची धास्ती माझ्यापुरती तिथंच संपली. त्यानंतर वडील काय करतात हे मी कुणापासून लपवलं नाही.

पुढे पशुवैद्यकीयला गेलो. पहिल्या वर्षाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं पाहून सोबतची खेड्यातली मुलं हबकली. मी आधी शब्द फोडून बघायचो. 'रुमिनंट' म्हणजे रवंथ करणारं जनावर, आणि 'रुमिनेट' म्हणजे विचार मनात घोळवणं, हे सरांमुळे ठाऊक होतं. जनावराच्या पोटाच्या चार कप्प्यांतला दुसरा 'रेटिक्युलम'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी जाळी. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याचं आतलं अस्तर पाहिलं तेव्हा आबांची वाघूर आठवली, रात्री मेंढरं कोंडायची जाळी. तो शब्द मला पाठ करावा लागला नाही. आज मी पशुधन विकास अधिकारी आहे. दाराबाहेरच्या पाटीवर 'पशुधन' वाचताना मला अजून तो तिसरा दिवस आठवतो.

हे सरांना सांगायला यायचं होतं. बदल्या, साथीचे रोग, लसीकरण यांत दरवर्षी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत गेलो. अशा ढकलण्यालाही सरांनी शब्द दिला होता, 'प्रोक्रॅस्टिनेट'. त्यातला 'क्रास' म्हणजे उद्या. सर गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं.

माझी मुलगी आता नववीत आहे. मोबाइलवर दिवसाला पन्नास शब्द पाठ करते, अर्थ धडाधड सांगते. आठवड्यानं विचारलं तर निम्मे गेलेले असतात. तिला मी मेंढरांचं सांगितलं, पण तिनं कळप जवळून पाहिलेला नाही. याचं मला वाईट वाटतं.

शाळेत आता डिजिटल फळे लागलेत असं ऐकतो. समारंभाला मी येणार आहे. सरांच्या शब्दांची दोनशे पानी वही माझ्याकडे आहे, कडेला आबांच्या मेंढरांची चित्रं काढलेली. ग्रंथालयात ठेवणार असाल, तर सोबत आणतो. आणि नववी 'ब'मध्ये जुना फळा अजून असेल, तर त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात एक शब्द लिहू द्या.