आमची वाटचाल : चार बोल्टांचं चाक

आमच्या वर्कशॉपमध्ये कुणीही आलं की पहिल्यांदा भिंतीवरच्या चाकापाशी थांबतं. ओतीव अॅल्युमिनियमचं, मधोमध कापलेलं, हबपाशी, म्हणजे मधल्या भागात, चार बोल्टांची भोकं. ते विकायचं नाही. त्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण आधी कूपर या जुन्या ब्रिटिश शर्यतीच्या गाडीबद्दल सांगायला हवं. कूपर नसती तर आम्हीही नसतो.

मी कोल्हापूरचा. आमचे अण्णा उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो तो नमुना, करून द्यायचे. मी शिकायला इंग्लंडला आलो, मग एका टूलरूममध्ये नोकरी केली. एकदा गुडवुडला जुन्या गाड्यांच्या शर्यती बघायला गेलो. तिथे कव्हर काढून ठेवलेली एक कूपर उभी होती. चॅसीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळ्या सरळ नव्हत्या, चक्क वाकवलेल्या होत्या. पुस्तकी इंजिनिअर नाक मुरडतील असं काम. पण वेल्डिंग बघितलं आणि वाटलं, ही गाडी आमच्या गल्लीतसुद्धा झाली असती. त्या दिवसापासून मी या गाडीच्या मागे लागलो.

१९४६ साली लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी आपल्या गॅरेजात पहिली गाडी केली. युद्ध नुकतंच संपलेलं, माल मिळायची मारामार. फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीच्या दोन नगांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि जॅप कंपनीचं ५०० सीसीचं मोटरसायकल इंजिन बसवलं. त्या इंजिनाची ताकद चाकांना चेननेच जायची, म्हणून ते मागच्या चाकांजवळ, ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवणं सोयीचं. यात कुठलाही मोठा सिद्धांत नव्हता, चेनची सोय होती. पण त्या सोयीने केवढं काम केलं! ड्रायव्हरच्या खालून जाणारा शाफ्ट गेला, तो खाली बसू लागला, गाडी बुटकी आणि हलकी झाली.

गाडी स्वस्त होती आणि कुणालाही विकत मिळायची. १९४८ साली पुढे नामांकित ड्रायव्हर झालेल्या अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉसनेही एक घेतली. १९५१ ते १९५४ या काळात फॉर्म्युला थ्री, म्हणजे ५०० सीसी गाड्यांच्या गटातल्या, ७८ मोठ्या शर्यतींपैकी ६४ कूपरने मारल्या. एखाद्या गॅरेजासाठी हा आकडा काय आहे, ते लेथवर उभं राहिलेल्यालाच कळेल.

मग आली १९ जानेवारी १९५८ची अर्जेंटिनाची ग्रां प्री. ही शर्यत मी आमच्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. मॉस रॉब वॉकरच्या खासगी संघाची कूपर चालवत होता. इंजिन कोव्हेंट्री क्लायमॅक्सचं, म्हणजे अग्निशमन पंपांसाठी नाव असलेल्या कंपनीचं, जेमतेम दोन लिटरचं. समोर २.४ लिटरच्या फेरारी. इतरांची चाकं मधली एकच चक्री हातोड्याने फिरवली की सुटायची. कूपरचं चाक चार बोल्टांचं, बदलायला फार वेळ लागणार. फेरारीवाले निश्चिंत होते, हा कधीतरी टायरसाठी थांबेलच. पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, मॉसच्या माणसांनी चाकं मांडून तशी तयारीही दाखवली. मॉस थांबलाच नाही. टायरचं रबर झिजून आतलं कापड दिसू लागलं, तरी तो २.७ सेकंदांनी जिंकला. विश्वविजेतेपदाच्या मालिकेत मागे इंजिन असलेल्या गाडीचा हा पहिला विजय.

पुढच्या वर्षी कूपर चालवणारा जॅक ब्रॅबम विश्वविजेता झाला. अमेरिकेत सेब्रिंगला झालेल्या अखेरच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत त्याचं पेट्रोल संपलं. गडी खाली उतरला आणि ढकलत गाडी रेषेपार नेली, चौथा आला. ती शर्यत कूपरच्याच ब्रूस मॅक्लारेनने जिंकली, वय अवघं २२. १९६० सालीही दोन्ही किताब, ड्रायव्हरचा आणि गाडीचा, कूपरकडेच. १९६१ सालापर्यंत फेरारीनेही इंजिन मागे नेलं. त्याच वर्षी ब्रॅबम छोटी कूपर घेऊन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीला गेला आणि नववा आला. काही वर्षांतच तिथल्या पुढे इंजिन असलेल्या गाड्या इतिहासजमा झाल्या.

मग उतरण लागली. ब्रॅबमने स्वतःची कंपनी काढली, १९६४ साली चार्ल्स गेले, १९६५ साली कंपनी विकली गेली. कूपरचं नाव राहिलं ते मिनीवर.

आम्ही २०११ साली सरे परगण्यात एका जुन्या गोठ्यात लेथ मांडला. आधी जुन्या कूपरसाठी नळ्या वाकवणं, विशबोन, म्हणजे चाक धरणारे दांडे, करणं, अशी कामं. दुसऱ्या वर्षी आठ चाकांची ऑर्डर आली. मूळ चाकं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, आता जुनी होऊन तडकतात, म्हणून आम्ही ती अॅल्युमिनियममध्ये करायची ठरवली. पॅटर्न अण्णांनी कोल्हापुरात केला. धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. अॅल्युमिनियमच्या पट्टीतला फूट नेहमीच्या फुटापेक्षा ५/३२ इंच लांब. अण्णांनी ती पट्टी पॅटर्नबरोबर खोक्यात घालून पाठवली. अजून माझ्या टेबलावर असते.

ओतकाम माझ्या देखरेखीखाली झालं. गिऱ्हाइकाची शर्यत तोंडावर होती, म्हणून वितळलेल्या धातूतला वायू काढायला हवा तेवढा वेळ मी दिला नाही. एक्स-रेमध्ये तीन चाकांच्या हबपाशी बारीक बुडबुडे दिसले. उरलेली पाच दिसायला चांगली होती, पण एकाच घाण्यातली. मी आठही बाद केली. गिऱ्हाइकाला फोन केला, त्याचा तो हंगाम बुडाला. रात्री अण्णांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘गडबड केलास न्हवं?’

त्या तीनपैकी एक कापून भिंतीवर लावलंय. काप नीट बघितला तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. दुसरा घाणा अडीच महिन्यांनी ओतला, आणि तोच गिऱ्हाईक ती चाकं लावून पुढच्या वर्षी धावला. आज आम्ही सहाजण आहोत. प्रत्येक चाकाचा एक्स-रे निघतो, आणि तो मी स्वतः बघितल्याशिवाय भोकं पाडायला कुणी घेत नाही. अण्णांचा तो पॅटर्न अजून चालू आहे. गेल्या महिन्यात त्याची एक कड झिजली होती, ती मी सागवानाची चीप लावून भरली.