गुरुवारची रात्र आणि पप्पांचा मोगरा

दरवर्षी पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, आम्ही ठाण्यातल्या पोखरणहून चालत निघतो. ऑफिसमधली माझी मैत्रीण साताऱ्याची, घरात पंढरीची वारी, ती याला तुमची वारी म्हणते आणि आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. अंतर फार नाही, पोखरणच्या चर्चपासून माजिवडा, तिथून तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट आणि परत पोखरण, सगळं मिळून दहाएक किलोमीटर. खरी परंपरा सात चर्चची, सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी लोकांना घेऊन सात चर्चना चालत जायचे तिथून आलेली, पण आमच्यात पंचाहत्तरीच्या मावशी आहेत म्हणून आम्ही तीनच करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरुवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की पवित्र साक्रामेंत, ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकर, मुख्य वेदीवरून बाजूच्या एका वेदीवर नेतात आणि ती वेदी बागेसारखी सजवलेली असते, येशूला जिथे पकडलं ती गेथसेमनीची बाग. लोक आपापल्या घरच्या कुंड्या आणून देतात, तुळस, शेवंती, मनीप्लांट, काहीही. मग मध्यरात्रीपर्यंत तिथे जागायचं. येशूने त्या रात्री शिष्यांना एवढंच मागितलं होतं, माझ्यासोबत जागे राहा, आणि तेही त्यांच्याने झालं नाही, डोळे जड झाले होते त्यांचे.

यावर्षी मला जायचंच नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पप्पा गेले, मग वसईची वाडी विकली, आणि तेव्हापासून मी चर्चला जात होते, गुडघे टेकत होते, ओठ हलत होते, पण प्रार्थना म्हणून जे काही असतं ते होत नव्हतं. विहीर आटल्यासारखं. वाडीतून आणलेला मोगरा बाल्कनीत होता, त्याच्याकडेसुद्धा मी महिनोन्महिने बघितलं नाही, सगळा काड्या काड्या झाला होता. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी पंधरा दिवस मावशी वेदीसाठी कुंडी मागायला आल्या. मी म्हटलं, मावशी, वाळलाय तो, शोभणार नाही. तर म्हणाल्या, "गेथसेमनीत सगळं हिरवंगारच होतं असं कुणी सांगितलं तुला? दे इकडे." आणि घेऊन गेल्या.

माजिवड्याला जाताना मेट्रोच्या खांबांखालून, बॅरिकेडच्या कडेकडेने आमची चौदा जणांची रांग आणि रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, चालू. तिच्यात दहा-दहा मण्यांच्या दशकागणिक येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाचं, रहस्याचं, मनन करायचं. दुःखाचं पहिलं रहस्य बागेतलंच, येशूची वेदना. नमो मारिया, कृपापूर्णे म्हणता म्हणता मला अचानक वाडीतला दिवाळीनंतरचा काळ आठवला. तेव्हा पप्पा मोगऱ्याचं पाणी तोडायचे. पूर्ण. पानं सुकायची, गळायची, मला लहानपणी ते बघवायचं नाही, एकदा मी लपून तांब्याभर पाणी घातलं आणि पकडले गेले. पप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "ताण दिलाय गं त्याला, ताण बसल्याशिवाय कळी धरत नाही. आणि मी रोज येऊन बघतोच ना." खरंच बघायचे, सकाळ संध्याकाळ, एकेका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून माती बोटाने उकरून, मग योग्य वेळ आली की छाटणी, खत आणि मग पाणी.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल आणि माझा पिता माळी. फळ देणाऱ्या फांदीलासुद्धा तो छाटतो. हे मी शंभर वेळा ऐकलंय, पण फक्त कात्रीच दिसायची मला, बुंध्याशी उकिडवा बसलेला माणूस कधी दिसला नव्हता, तो त्या रात्री कॅडबरी सिग्नलच्या अलीकडे दिसला आणि रोझरीचा माझा दशक चुकला. मावशींनी हळूच कोपर धरून पुढचा मणी दाखवला.

तलावपाळीला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. आमच्या या ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती श्रद्धेसाठी मारले गेले, आणि पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे पार चीनपर्यंत गेला. दरवर्षी मी तिथे त्यांचं नाव घेते. यावेळी पप्पांचंही घेतलं, गेल्यापासून पहिल्यांदा, आणि रडले, चांगली दहा मिनिटं, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आत कुणी वळूनही पाहिलं नाही, तेच बरं वाटलं.

येशूला पकडलं ती जागा बाग होती असं योहान सांगतो, आणि क्रुसाजवळ जिथे पुरलं तिथेही बागच होती. रविवारी पहाटे पुन्हा उठलेला येशू त्याच्या शिष्या मारिया माग्दालेनाला भेटतो तर तिला वाटतं हा माळी आहे. लोक म्हणतात डोळ्यांत पाणी होतं म्हणून ओळखलं नाही. मला तर आता वाटतं तिने बरोबरच ओळखलं होतं.

पोखरणला परत आलो तेव्हा अकरा चाळीस. पाय भरून आले होते. वेदीपुढे सतरंजीवर बसले आणि कुंड्यांमध्ये माझी शोधत होते, तर डाव्या बाजूला, शेवंतीच्या पाठीमागे. मावशींनी त्या काड्या निम्म्यावर छाटल्या होत्या, माती हलवून शेणखत घातलं होतं. वाकून मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं तर प्रत्येक पेरावर डोळे फुटले होते, मोहरीएवढे हिरवे, सगळे उघडे. मी मोजले, एकोणीस.

"झोप आली का गं?" मावशींनी विचारलं.

नाही म्हटलं. बारा वाजेपर्यंत तिथेच बसले.

रविवारी मिस्सानंतर कुंडी घरी आणली. बाल्कनीत जिथे सकाळचं ऊन येतं तिथे ठेवलीये, रोज उठल्यावर आधी तिच्याजवळ जाऊन बसते, माती बोटाने उकरून बघते, आणि मग चहा ठेवते.